गर्भिणी, जंत आणि घरचे ताक
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय भरसभेत बोलावयास थोडा संकोच वाटावा असा आहे. परंतु ज्यामुळे घरची लेक किंवा सून बाळंतपणापर्यंत फिकी पडत जाते, त्याचे नाव घेणे टाळून कसे चालेल? आम्हांस पुष्कळ घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : दही-ताक रोज पोटात जात असता गर्भिणीस जंताची गोळी कशाला?

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. अंकुशकृमी हा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा जीव. मिलान येथील वैद्य आंजेलो दुबिनी यांस १८३८ मध्ये एका शेतकरी स्त्रीच्या शवविच्छेदनात तो आढळला. तो केवळ तोंडावाटे नव्हे, तर कातडीतूनही शिरतो, हे कैरो येथे आर्थर लूस यांस आपल्या हातावर अळ्यांचे पाणी सांडल्यामुळे उमगले. आपली कितीतरी घरे आजही भातखाचरांवर आणि बागांवर उभी आहेत. ओल्या मातीत अनवाणी वावरणाऱ्या पावलांना या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. या कृमीची एक जात दिवसाला सुमारे ०·१५ ते ०·२ मिलिलिटर रक्त घेते; म्हणजे शंभर कृमी असतील तर रोजचे तीन-चार चहाचे चमचे रक्त गेले. गरोदरपणात एकंदर सुमारे एक ग्रॅम लोह अधिक लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) भारतातील गर्भिणींपैकी शेकडा ५२ रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याला कारणे अनेक आहेत, कृमी हे त्यांपैकी एक.

आता शरीराची बाजू. जंतूंशी लढताना शरीर एक फौज काढते, कृमींशी लढताना दुसरी. आतड्याचा बुळबुळीत स्राव वाढतो, इओसिनोफिल नावाच्या पेशी आणि विशिष्ट प्रतिद्रव्ये पुढे येतात. कृमीही चतुर, तो यजमानाच्या शरीराला सौम्य राहावयास भाग पाडतो. गर्भिणीचे शरीर तर आधीच अर्ध्या परक्या गर्भास सांभाळण्यासाठी आपला आवेश आवरते. या दोन गोष्टींचा मेळ कसा विचित्र बसतो ते पाहा : बोलिव्हियातील चिमाने स्त्रियांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोल जंत असलेल्या स्त्रियांना मुले लवकर व अधिक झाली, तर अंकुशकृमी असलेल्यांना उशिरा व कमी. म्हणून ‘जंत म्हणजे जंत’ असे सरसकट बोलणे आम्हांस पटत नाही.

ताकाचा महिमा मोठा आहे, हे आम्ही मानतो. १९०५ मध्ये बल्गेरियाचे ग्रिगोरोव्ह यांनी तेथील दह्यातील दंडाकार जंतू ओळखला आणि मेचनिकोव्ह यांनी त्याची कीर्ती जगभर नेली. हे मित्रजंतू आतड्याच्या संरक्षक पेशींशी बोलतात, हेही खरे. परंतु कृमींच्या बाबतीत उंदरांवरील प्रयोग एकमुखी नाहीत. काहींत मित्रजंतूंमुळे कृमी घटले. पण एका प्रयोगात त्यांच्यामुळे चाबूककृमीची लागण उलट अधिक झाली. चाबूककृमीची अंडी उबण्यासच आतड्यातील जंतूंची मदत लागते, असे २०१० मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी दाखविले! आणि उंदीर तो उंदीरच; गर्भिणीचे जंत ताकाने पडतात असे म्हणण्यास त्याचा आधार घेता येत नाही. शिवाय आपले घरोघरचे विरजण निराळे. त्यात कोणता जंतू किती, हे कोण मोजतो?

तेव्हा ताक प्यावे ते अन्न म्हणून, आणि जंतांसाठी औषध घ्यावे. जेथे अंकुशकृमी व रक्तक्षय पुष्कळ आहेत तेथे पहिले तीन महिने उलटल्यावर अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २०१८ च्या रक्तक्षयमुक्त भारत योजनेतही दुसऱ्या तिमाहीत ही गोळी आहे. ‘जंताचे औषध गर्भाला बाधते’ हे वडीलधाऱ्या बायांचे भय पहिल्या तिमाहीपुरते आम्ही रास्त समजतो. म्हणूनच दिवस मोजून आणि दवाखान्यात विचारूनच गोळी घ्यावी.

एक बारीकशी गोष्ट राहिली. लोहाची गोळी ताकाच्या पेल्याबरोबर घेण्याची रीत काही घरांत आहे. दुधातील चुना लोहाचे शोषण अडवितो. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि ताक दोन तासांनी.