सरत्या वर्षातले खाणे नि गाणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चारचौघींत बोलण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि त्यानंतर हातात पेन्सिल धरली ती वाण्याची यादी करण्यापुरतीच. तरी आपल्या चिटणीसबाई ऐकेनात. "मागल्या वर्षात काय खाल्ले आणि कोणते गाणे ऐकले, जे विसरता येत नाही, एवढेच सभासदांना विचारून ये आणि सांग," असे त्यांनी बजावले. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने मी घरोघर फिरले. सारे सांगत बसले तर समोरचा चहा निवून जाईल, तेव्हा मनात राहिले तेवढेच सांगते.

पहिल्याने जिला विचारावे ती म्हणे, "आमच्याकडे कसले गो गाणे!" खाण्याविषयी मात्र कोणाचेही तोंड थांबेना. गाण्याचे उत्तर खाण्याच्या पोटातूनच निघाले, म्हणजे दोन्ही विचारलेत ते बरेच केलेत.

किनाऱ्यावरच्या आजींचे प्रथम सांगते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि त्यानंतर एके सकाळी रापण लागली. आजी टोपली घेऊन गेल्या. रापणीचा दोर ओढायला जो हात लावील त्याला वाटा मिळतो, हा आपला जुना रिवाज. आजींच्या वाट्याला पेडवे आले. मातीच्या भांड्यात, ओले खोबरे, मिरची आणि चार तिरफळे घालून त्यांनी ते चुलीवर केले. दोन महिन्यांच्या सुक्या बांगड्यानंतर तोंडाला चव आली म्हणाल्या. "आणि गाणे?" असे विचारले, तर आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दोर ओढताना झिलगे आरडतत ना, तोच. आमचो म्हातारो असोच आरडा." त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. पर्यटक येतात ते सुरमई आणि पापलेट मागतात, त्यांना पेडव्याची ओळख नसते. त्या हाळीला गाणे म्हणावे हेही त्यांना सुचणार नाही. मी मात्र आजींचे उत्तर वहीत पहिल्या नंबरावर लिहिले.

दुसरे उत्तर आपल्या घाटावरून आलेल्या नव्या सूनबाईंचे. तिरफळ दाताखाली आल्यावर जीभ बधिर झाली आणि ती घाबरून रडली होती, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आता तीच तिरफळे मागून घेते. जत्रेला तिने जन्मात पहिल्यांदा दशावतार पाहिला. गणपती, सरस्वती झाली, संकासुराने हसवून घेतले, मग आख्यान लागले. पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढ्यावर रात्रभर. हातात लिहिलेला कागद कोणाच्या नाही, संवाद ज्याचे त्याने तिथल्या तिथे बोलायचे, हे तिला खरे वाटेना. मांडीवर आल्याच्या वासाच्या खाज्याचा पुडा होता, तो पहाटेपर्यंत कधी संपला ते कळले नाही. राणीचे काम पुरुष करतो हे तिला दहीकाल्याच्या वेळी समजले! उजाडल्यावर राजा आपली पेटी उचलून टेंपोकडे चालला होता. आपल्याकडे म्हणतातच ना, रात्री राजा नि सकाळी डोक्यावर बोजा.

याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांनी त्यात म्हाताऱ्या दशावतारी नटाचे काम केले आहे. आपल्यातल्या पाचसात जणींनी तो पाहिला आणि सगळ्या रडून आल्या. मीही पाहिला. काम उत्तम आहे, त्यात वादच नाही. पण थंड खोलीत, मऊ खुर्चीवर, हातात मक्याच्या लाह्या घेऊन बसल्यावर मला कसेसेच झाले. थंडीत गोधडी पांघरून शेतात बसल्याखेरीज दशावतार पाहिल्यासारखे वाटत नाही. हे माझे जुनाट मत असेल.

आता माझे स्वतःचे दोन प्रसंग. पहिला आंगणेवाडीचा. भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या ठरावीक तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन दिवस ठरवतात. २०२५ साली ती २२ फेब्रुवारीला होती. मसुऱ्याच्या त्या एवढ्याशा वाडीत लाखांनी माणसे लोटतात. मी रांगेत पाच तास उभी होते. भोंगे, पिपाण्या, भजीवाल्यांचे ओरडणे, हरवलेल्या पोरांची नावे. आणि त्याच वेळी आंगण्यांच्या घरांतल्या बाया देवीचा नैवेद्य रांधीत असतात, तो एक शब्दही न बोलता. तोंड मिटून रांधायचे, असा तिथला नेम. प्रसादाचा घास तोंडात घातला तेव्हा बाहेर एवढा गलबला चालू होता, आणि मला मात्र त्या मुक्या हातांचीच आठवण येत होती. घरी येऊन सासूबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "आमी काय येगळा करताव? भजनाच्या राती बोलतंव खंय?"

हे वाक्य मला लागले. त्याचे कारण असे.

चवथीला आपल्या घरोघर भजने होतात. बुवा पेटी घेऊन माजघरात बसतात, मृदंग चढतो, रूपावली होते, अभंग, गौळण, मग गजर. आणि आपण कोठे असतो? मागच्या दारी. साठ माणसांची उसळ म्हणजे अडीच किलो काळे वाटाणे, ते आदल्या रात्री भिजत घातलेले आणि तरीही लवकर न शिजणारे; पाच नारळांचे खोबरे भाजून वाटायचे; शिवाय करंज्या काढायच्या आणि चहाचे आधण सतत ठेवायचे. गजराचा आवाज वर चढला की उसळ वाढायला घ्यायची, हे आम्हाला गाण्यावरून कळते. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत मी घरचे प्रत्येक भजन ऐकले आणि एकही पाहिले नाही. सासूबाईंची तर पन्नासांवर वर्षे अशी गेली.

आषाढी एकादशीनंतर आपल्या मंडळाने भजन शिकण्याचे ठरविले. दर गुरुवारी दुपारी, कारण त्या दिवशी मासळी साफ करायची नसते. शेजारच्या वाडीतल्या बुवांनी कंटाळा न करता शिकविले. तेव्हा गावात कोणी काय बोलले ते मी नावानिशी सांगत नाही. एका थोर माणसाने मात्र भर रस्त्यात विचारले, "बायलमाणसा भजनाक बसली तर चुलीकडे कोण बसतलो?" खरे सांगते, मला राग आला नाही, धडकीच भरली. कारण आमच्याच घरी बारी ठरली होती, गौरी येण्याच्या आदल्या रात्री, ३० ऑगस्टला, आणि उत्तर मजजवळ नव्हते.

उत्तर आमच्या घरातून आले. आमचे हे होडीवर जातात. जेवताना हा विषय निघाला तेव्हा त्यांनी मान वर न करता म्हटले, "होडयेर आमका कोण रांधून घालता?" बस्स, एवढेच. तीस वर्षे समुद्रावर हा माणूस पाच जणांचे कालवण करतो, आणि जमिनीवर पाय ठेवला की त्याला मिठाची बरणी सापडत नाही, याचे मला तोपर्यंत कधी नवल वाटले नव्हते!

त्या रात्री हे आणि थोरला मुलगा मागच्या दारी आणि आम्ही अकरा जणी माजघरात. सासूबाईंना खुर्ची दिली तर ती नको म्हणाल्या, बुवांच्या पेटीशेजारी जमिनीवरच बसल्या. पेटीच्या मागल्या भात्याकडे टक लावून बघत होत्या. हळूच मला म्हणाल्या, "हवा मागसून घालूची लागता, ह्या माका म्हायतच नाय होता." पन्नास वर्षे कानांनी ओळखलेली पेटी त्यांनी त्या दिवशी जवळून पाहिली.

रूपावली बरी झाली. अभंगात मृदंग आमच्या पुढे धावला, पण सावरले. गौळण सुरू झाली आणि तिसऱ्या कडव्याला माझी पाटी कोरी. शेजारणीकडे पाहिले, तीही माझ्याकडेच पाहत होती. झांज चालू, पेटी चालू, आणि शब्द कोणालाच येईना. दारात पुरुषमंडळी उभी होती, तो थोर प्रश्न विचारणाराही होता. तेवढ्यात खालून एक घोगरा आवाज उठला. सासूबाई! डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि कडवे सबंध, एकही अक्षर न चुकता. त्यानंतरचेही. बुवांनी पेटीचा सूर खाली आणला आणि त्यांच्या मागोमाग गेले. ही बाई कधी मोठ्याने गायलेली आम्ही ऐकली नव्हती. गौळणी कोणी शिकविल्या असे नंतर विचारले, तर म्हणाल्या, "वाटप वाटताना आयकलेला ता खंय जाता?"

मध्येच मागून खोबरे करपल्याचा वास आला. वास येताच आम्ही अकराच्या अकरा जणी उठायला गेलो, सवयच ती. सासूबाईंनी गाणे न थांबवता डाव्या हाताने माझे लुगडे धरले, कडवे पुरे केले आणि म्हणाल्या, "बसा गो. करपूंदे."

उसळ थोडी करपट झाली होती, आणि आमच्या ह्यांनी सवयीने तिच्यात मूठभर तिरफळे घातली होती. काळ्या वाटाण्याच्या उसळीत तिरफळे! साठ माणसांनी ती खाल्ली, मृदंगवाल्यांनी दोनदा मागून घेतली. मीही त्या रात्री प्रथमच गजर संपल्यावर गरम गरम, पाटावर बसून, दुसऱ्याने वाढलेली खाल्ली. माझ्या वहीत खाण्याच्या आणि गाण्याच्या दोन्ही रकान्यांत हीच तारीख आहे.

एक उत्तर राहिले. आपल्यातली एक सभासद त्या रात्री नव्हती. तिला घरून येऊ दिले नव्हते. तिने मला सांगितले, "मी गडग्याआड उभी रवान आयकला. उसळ काय मिळाक नाय." तिचे नाव विचारू नका. पण ह्या वर्षीच्या चवथीला तिच्याच घरी बारी मागून घ्यावी, असे माझ्या मनात आहे. तिच्या घरच्यांशी बोलायला दोघीतिघी जाणत्या बाया हव्यात. कोण येते ते आजच चहा घेताना मला सांगा. आमच्या सासूबाई येणार आहेत.

आणि मंडळाच्या कपाटात झांजांचे सहाच जोड आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर जुने पडले असतील त्यांनी येत्या गुरुवारी चिंच लावून, घासून आणावे.