एकवटलेले ऊन आणि वाटून दिलेले ऊन



गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला पनवेलजवळच्या एका गावातले भाजीपाला करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या विहिरीवर सौर पंप आहे. कोणा विक्रेत्याने त्यांना प्लास्टिकचे एक पातळ, सपाट भिंग विकले होते, वर बारीक गोल गोल रेघा असलेले. हे पॅनेलच्या वर हातभर उंचीवर बांधा, ऊन चौपट होईल आणि वीजही चौपट, असे सांगून. त्यांनी बांधले. पंप जोराने चालणे राहिले बाजूलाच, तो अडखळू लागला, आणि चार दिवसांत पॅनेलवर एका जागी तपकिरी डाग पडला. "सर, भिंगाने कागद पेटतो हे मी शाळेत पाहिलंय. मग ऊन वाढतंच की!" असे त्यांचे म्हणणे.

प्रश्न रास्त होता. आज तोच घेऊन तुमच्यापुढे आलो आहे.

पाटाचे पाणी चार वाफ्यांना जाते. तीन वाफ्यांची तोंडे बुजवलीत तर चौथा तुडुंब भरेल; पण विहिरीतले पाणी त्याने वाढले का? भिंगाचे असेच आहे. भर दुपारी, आकाश निरभ्र असताना, एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट एवढे ऊन पडते. तेवढ्याच आकाराच्या भिंगातून त्याहून अधिक निघणे शक्य नाही. थोडे कमीच निघेल. आमच्या शेतकऱ्याचे भिंग पॅनेलएवढेच होते. त्यामुळे मधल्या दोनचार चकत्यांवर ऊन एकवटले आणि बाकीच्या चकत्या सावलीत गेल्या. शिवाय पॅनेलमधल्या चकत्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. सर्वांत अंधारात असलेली चकती जेवढा प्रवाह जाऊ देईल, तेवढाच साऱ्या माळेतून जातो. त्यात पुन्हा उष्णतेची भर. सिलिकॉनची चकती जसजशी तापते तसतशी तिची वीज घटते, एका अंशामागे शेकडा ०.४ च्या आसपास. पंप अडखळला तो यामुळे.

मग ऊन एकवटण्यात काही अर्थच नाही म्हणता? तसे नव्हे. उष्णता हवी असेल तर अर्थ आहे, आणि त्याचा दाखला फार दूरचा नाही. खाडीपलीकडे मुंबईत, मध्य कुलाब्यात, विल्यम अ‍ॅडम्स नावाचे गृहस्थ राहत. उच्च न्यायालयात ते डेप्युटी रजिस्ट्रार होते. कामकाजाच्या कागदांतून सवड काढून त्यांनी साधे सपाट आरसे एका मोठ्या चौकटीवर अशा बेताने बसवले, की सर्वांचे ऊन एकाच बाष्पकावर पडावे. त्या वाफेवर त्यांनी आपल्या आवारात अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. १८७८ साली त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. वक्र आरसा महाग, सपाट आरसा स्वस्त. स्वस्ताचेच पुष्कळ जोडावेत, हा त्यांचा हिशेब मला फार आवडतो. आरशांची चूलही त्यांनी केली होती. जानेवारीच्या उन्हात सात शिपायांचा शिधा तिच्यावर दोन तासांत शिजे.

तीच कल्पना पुढे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आली. लातूरच्या दूधसंस्थेत २००६ साली १६० चौरस मीटरचा 'अरुण' नावाचा आरसा दूध तापवण्यासाठी बसला. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ आरशांच्या थाळ्या बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. ही ठिकाणे घाटावरची, हे ध्यानात घ्या. त्याचे कारण पुढे येईल.

आता विजेकडे वळू. ऊन पांढरे दिसले तरी त्यात अनेक रंग मिसळलेले असतात, आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही असतात. सिलिकॉनला यांतले सारे सारखे मानवत नाहीत. तांबड्याच्याही बऱ्याच पलीकडचे किरण त्याच्यातून काही न देता निघून जातात. उन्हाच्या शक्तीचा सुमारे एक पंचमांश असा वाया जातो. निळ्याजांभळ्या किरणांचे उलटे. त्यांच्या एकेका कणात गरजेहून जास्त शक्ती असते, आणि वरची सगळी उष्णता होऊन जाते. हा तोटा सुमारे एक तृतीयांश. म्हणून एकाच पदार्थाच्या चकतीने साध्या उन्हाची शेकडा ३३ च्या आसपासहून जास्त वीज करता येत नाही, हे शॉक्ले आणि क्वायसर या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ सालीच दाखवून दिले.

यातून वाट एकच. ज्याला जो रंग पचतो त्याला तो द्यावा. बैलाला कडबा, कोंबडीला दाणे. वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या करून प्रत्येकीकडे तिचा रंग पोचवायचा. पण हे पदार्थ फार महाग. त्यांची चकती नखाएवढीच परवडते. म्हणून स्वस्त भिंगाने ऊन गोळा करून त्या छोट्या चकतीवर टाकतात. एकवटणे आणि विभागणे यांची अशी जोडी जमते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२२ साली चार थरांची चकती ६६५ पट एकवटलेल्या उन्हात धरून शेकडा ४७.६ इतकी वीज मिळवली. तिथे थर एकावर एक होते.

दुसरी तऱ्हा रंग शेजारीशेजारी पसरण्याची. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात राजेश मेनन यांच्या गटाने या दिशेने काम केले आहे. पारदर्शक पत्र्यावर अतिसूक्ष्म पायऱ्या कोरतात, उंची मायक्रोमीटरच्या मापाची. जाड पायरीतून जाणारी प्रकाशलहर थोडी मागे पडते. किती मागे पडते ते रंगावर अवलंबून. लेझीम पथकात सर्वांचा पाय एका ठेक्यावर पडला की आवाज घुमतो, चुकला की विरतो. तशा तांबड्या लहरी एका जागी ठेक्यात येतात, निळ्या दुसऱ्या जागी. एकाच पत्र्याने रंगही वेगळे केले आणि ऊनही गोळा केले. पायऱ्यांची उंची ठरवायला थेट सूत्र मिळणे कठीण. संगणक एक पायरी जरा उचलतो, कोणत्या जागी किती प्रकाश आला हे मोजतो, सुधारले तर ठेवतो, नाही तर पूर्ववत करतो. असे हजारो वेळा.

मात्र या साऱ्याला थेट ऊन लागते आणि सूर्याच्या मागे वळत राहणारा सांगाडा लागतो. ढगातून झिरपणारा प्रकाश चहूबाजूंनी येतो, तो कोणत्याही भिंगाला गोळा करता येत नाही. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरलेले. साधे पॅनेल तेव्हाही थोडीफार वीज देते; भिंगाखालची चकती जवळजवळ काहीच देणार नाही. कोकणच्या शेतकऱ्याने आज त्यात पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या गृहस्थांना मी भिंग उतरवून पॅनेलवरची धूळ सकाळी थंड पाण्याने धुवायला सांगितले. डाग राहिला, पंप चालू आहे.

शिक्षकांसाठी एक प्रयोग. परातीत पाणी घेऊन त्यात छोटा आरसा तिरपा ठेवा आणि खिडकीतले ऊन त्यावर घ्या. समोरच्या भिंतीवर सप्तरंगी पट्टा उमटेल. आता ज्याच्या फुग्याला काजळी फासली आहे असा तापमापक त्या पट्ट्यात धरा, आणि मग तांबड्याच्या थोडा पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकाच्या वर्णपटात हेच करून अवरक्त किरण ओळखले. पाऱ्यातला फरक लहान असतो, तेव्हा दहा मिनिटे धीर धरा, आणि मुलांना आरशातून सूर्याकडे बघू देऊ नका. प्रयोग पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करा. आषाढात पट्टाच उमटणार नाही.