ऑपरेशननंतरची रात्र

सोलापूरच्या भवानी पेठेत एखाद्या घरी ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न येतो, "सर्जन कोण?" प्रश्न रास्त आहे. पण त्यापाठोपाठ दुसराही विचारायला हवा : रात्री पेशंटकडे कोण बघणार?

एप्रिल २०११ मध्ये युरोपातल्या २८ देशांत, ४९८ रुग्णालयांत, एका आठवड्यात ऑपरेशन झालेल्या ४६ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांतले शंभरी चार दगावले. देशादेशांत तफावत तर प्रचंड. मला सगळ्यात जास्त टोचतो तो पुढचा आकडा : दगावलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्ण आयसीयूत कधी गेलेच नव्हते.

२००९ मध्ये अमेरिकेत आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूचं प्रमाण कमी असलेली रुग्णालयं आणि जास्त असलेली रुग्णालयं, दोन्हीकडे गुंतागुंत जवळपास सारखीच होत होती, शंभरात पंचवीस-सत्तावीस जणांना. मृत्यू मात्र दुसरीकडे जवळजवळ दुप्पट. म्हणजे बिघाड सगळीकडे होतो. तो वेळेत ओळखून माणूस वाचवणं सगळीकडे होत नाही.

ओळखायचं कसं? मिनिटभर छातीकडे बघून श्वास मोजा. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. पंचविशीवर गेला, लघवीच्या पिशवीत काही जमेना, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर लगेच सिस्टरना सांगा.

आपल्या भागात तर जास्तच जपायला हवं. यंत्रमागावर वर्षानुवर्षं कापसाची धूळ नाकात गेलेली, विड्या वळताना तंबाखूचा खकाणा गेलेला, त्यात कित्येक बायकांच्या अंगात रक्त कमी. अशी छाती भुलीनंतर लवकर दमते. हे सगळं भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, विडी ओढत असाल तर तेही लपवू नका.

खर्चाचं म्हणाल, तर आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत आपलं सोलापूर होतं. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, याची चौकशी भरती होण्याआधीच करा.

आणि संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा : आयसीयू इथेच आहे का, आणि रात्री डॉक्टर हजर असतात का? रात्री काही वेगळं दिसलं, तर "सकाळी राउंडला सांगू" म्हणून थांबू नका. त्याच क्षणी सांगा, आणि कुणी लक्ष देईपर्यंत सांगत राहा.