परदेशी विद्यार्थ्याच्या महिन्याचा ताळेबंद



परदेशी जाऊन विद्या संपादन करावी ही आकांक्षा महाराष्ट्राला नवी नाही. सन १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी मंजूर केलेली ही शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षे मुदतीची होती. पुढे लंडन येथील अध्ययन चालू असतानाच तिची वाढीव मुदतही संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या वेतनातून राखलेली शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या स्नेह्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज अशी जुळवाजुळव करून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी डी. एस्सी. ही पदवी संपादन केली. एवढ्या असामान्य प्रज्ञेच्या विद्यार्थ्याचे अध्ययनही तीन वर्षे खोळंबले, ते केवळ द्रव्याअभावी. परदेशी शिक्षणात प्रवेशपत्राइतकेच महत्त्व खर्चाच्या जुळवणीला आहे, हा बोध या इतिहासातून घेण्यासारखा आहे.

आज परदेशी शिकण्याचा एक नवा मार्ग खुला झाला आहे. आपल्या विद्यापीठाचा विद्यार्थी राहूनच एक किंवा दोन सत्रे परदेशातील विद्यापीठात शिकावयाची, तेथील गुण येथे मान्य व्हावयाचे, अशी ही विद्यार्थी-विनिमय योजना असते. उदाहरणादाखल जर्मनीचा विचार करू. मुंबई आणि स्टुटगार्ट या शहरांचे भगिनी-शहराचे नाते १९६८ पासूनचे आहे. ज्या राज्याची स्टुटगार्ट ही राजधानी, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राची भागीदारी २०१५ पासून आहे. त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रतिसत्र १,५०० युरो शिक्षणशुल्क आकारले जाते. परंतु दोन विद्यापीठांमधील कराराखाली आलेल्या विनिमय-विद्यार्थ्यांना ते द्यावे लागत नाही.

येथेच अनेक कुटुंबांची गफलत होते. शुल्क माफ झाले म्हणजे शिक्षण फुकट झाले, असा समज करून घेतला जातो. वस्तुतः राहणे, जेवणे, विमा आणि प्रवास यांचा सर्व भार कुटुंबावरच येतो. सामान्य घरात ही रक्कम उभी राहते ती मुदतठेव मोडून, दागिने तारण ठेवून अथवा शैक्षणिक कर्ज काढून. म्हणून या पैशाचा हिशेब प्रस्थानापूर्वी कागदावर मांडला गेला पाहिजे.

राखीव खाते

जर्मन शासनाने विद्यार्थ्याच्या किमान निर्वाहखर्चाचा आकडा ठरवून दिलेला आहे. सप्टेंबर २०२४ पासून तो दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो असा आहे. शिष्यवृत्ती किंवा अन्य मान्य हमी नसल्यास ही रक्कम व्हिसापूर्वी एका विशेष खात्यात भरावी लागते. या खात्याला तेथे ‘श्पेअरकोन्टो’ म्हणतात. आपण त्याला राखीव खाते म्हणू. त्यात भरलेला पैसा विद्यार्थ्याचाच असतो, मात्र तो एकदम काढता येत नाही. दरमहा ठरलेला हप्ताच हाती पडतो. मुक्काम एका सत्राचा असेल, तर रक्कमही सामान्यतः तेवढ्याच महिन्यांची लागते.

ही व्यवस्था विद्यार्थ्याच्या हिताची आहे. पहिल्या दोन महिन्यांतच सारी पुंजी संपण्याचा धोका तिच्यामुळे टळतो. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ९९२ युरो हा शासनाने मानलेला किमान आकडा आहे. एखाद्या लहान विद्यापीठीय गावात तो पुरतो. म्युनिकसारख्या महागड्या शहरात पुरत नाही.

पहिल्या महिन्याचा पेच

परदेशी विद्यार्थ्याचा सर्वांत कठीण महिना हा पहिला. पैसा महिन्यामहिन्याने येतो, खर्च मात्र पहिल्याच महिन्यात एकवटतो.

समजा, एका विद्यार्थिनीला वसतिगृहात ३५० युरो भाड्याची खोली मिळाली. अनामत रक्कम म्हणून दोन महिन्यांचे भाडे, म्हणजे ७०० युरो द्यावयाचे आहेत. पहिल्या महिन्याचे भाडे ३५०. शिक्षणशुल्क माफ असले तरी सत्रवर्गणी प्रत्येकाला भरावी लागते. ती १८० युरो धरू. निवास-परवाना काढावा लागल्यास त्याचे १००. अंथरूण-पांघरूण व स्वयंपाकाची भांडी यांना १५०. आरोग्यविम्याचा हप्ता १४५ आणि जेवणखाणाचा खर्च २२०. ही बेरीज १,८४५ युरो होते. हाती येणार ९९२. तूट ८५३ युरोंची.

त्यातच राखीव खात्यातील पहिला हप्ता लगेच मिळेल याची शाश्वती नसते. त्यासाठी स्थानिक बँकेत खाते उघडणे आणि बऱ्याच वेळा निवासाची नोंद करणे आवश्यक असते. ही नोंद घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत करावी लागते, आणि तिची वेळ आगाऊ ठरवावी लागते. सबब, राखीव खात्याव्यतिरिक्त किमान हजार-बाराशे युरोंची स्वतंत्र तरतूद करूनच विद्यार्थ्याने घर सोडावे.

दरमहाचे अंदाजपत्रक

दुसऱ्या महिन्यापासून गाडी रुळावर येते. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीचे अंदाजपत्रक असे मांडता येईल : खोलीभाडे ३५०, आरोग्यविमा १४५, जेवणखाण २२०, स्थानिक प्रवास ४०, दूरध्वनी २०, नभोवाणी-वर्गणी १८, पुस्तके व छपाई २५, कपडे, साबण, औषधे आदी किरकोळ बाबी ५०. एकूण ८६८ युरो. शिल्लक १२४ युरो. यांपैकी निम्मी रक्कम अडीअडचणीसाठी बाजूस काढावी आणि उरलेली सहल, मित्रमंडळी व सणावारासाठी ठेवावी. करमणुकीचा रकाना कोराच ठेवणारे अंदाजपत्रक फार काळ पाळले जात नाही, असाच सर्वसाधारण अनुभव आहे.

यांतील काही बाबींचा खुलासा आवश्यक आहे. भाड्याचे तेथे दोन प्रकार सांगितले जातात. नुसत्या जागेचे ते ‘थंड भाडे’ आणि खोली तापविण्याचा खर्च, पाणी आदी धरून होणारे ते ‘उबदार भाडे’. जाहिरातीतील आकडा कोणता, हे विचारल्याविना होकार देऊ नये. विजेचे देयक यांखेरीज निराळे असू शकते. कायद्यानुसार अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा अधिक मागता येत नाही. विद्यार्थी-कल्याण संस्थांच्या वसतिगृहांत साधारण २५० ते ४०० युरोंत खोली मिळू शकते, परंतु प्रतीक्षायादी मोठी असते. म्हणून प्रवेशपत्र हाती येताच अर्ज करावा. म्युनिकमध्ये खासगी घरातील एका खोलीचे भाडे ७०० युरोंच्या पुढे जाते. खोली दाखविण्यापूर्वीच अनामत मागणारा इसम बहुधा फसविणारा असतो, हेही विसरू नये.

आरोग्यविमा सक्तीचा आहे. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विम्यासाठी दरमहा १४० ते १५० युरोंच्या घरात हप्ता पडतो. नभोवाणी-वर्गणी ही अनेकांना चकित करणारी बाब. ती दरमहा १८.३६ युरो असून माणशी नव्हे, घरटी आकारली जाते. घरात दूरचित्रवाणी संच नाही, या सबबीवर ती टळत नाही. चौघे विद्यार्थी एका घरात राहत असल्यास प्रत्येकी पाच युरोंहून कमी पडतात. स्वतंत्र खोलीला मात्र पूर्ण आकार लागू शकतो. तिचे पत्र आल्यास ते बाजूस टाकू नये. थकबाकीवर दंड चढतो.

रुपया आणि युरो

घरचा पैसा रुपयांत उभा राहतो आणि खर्च युरोंत होतो. २०२५ च्या आरंभी एक युरो सुमारे ८९ रुपयांस मिळत असे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याने शंभरी ओलांडली. युरोमागे दहा रुपये वाढले, तर ९९२ युरोंच्या मासिक हप्त्यामागे ९,९२० रुपये अधिक लागतात आणि वर्षभराच्या रकमेवर हा बोजा १ लाख १९ हजार ४० रुपयांचा होतो. कर्जाची रक्कम ठरविताना आजच्या दरावर दहा टक्के वाढ गृहीत धरणे शहाणपणाचे ठरेल.

परदेशी पोहोचल्यावर मात्र प्रत्येक वस्तूचे मोल रुपयांत करीत बसू नये. चहाच्या एका पेल्याला तीनशे रुपये पडले, या विचाराने विद्यार्थी प्रथम हळहळतो आणि मग पोटाला चिमटा घेऊ लागतो. याउलट महिन्याच्या जेवणखाणाच्या २२० युरोंना चार आठवड्यांत विभागून दर आठवड्याला ५५ युरो, असा हिशेब ठेवल्यास मन शांत राहते आणि आहारही नीट होतो.

काटकसरीच्या वाटा

विद्यापीठाच्या भोजनगृहास ‘मेन्झा’ म्हणतात. तेथे विद्यार्थ्यास साधारण ३ ते ५ युरोंत गरम जेवण मिळते. दुपारचे जेवण तेथे आणि रात्रीचा वरणभात खोलीवर, ही विभागणी बहुतेकांना मानवते. लहानसा प्रेशर कुकर आणि घरचा गोडा मसाला सोबत न्यावा. परंतु दुधाचे व मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला नेता येत नाहीत. आईने दिलेले साजूक तूप आणि पेढे सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती सोपवावे लागतील, याची कल्पना घरच्यांना आधीच द्यावी.

रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी बाजार करावा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीच्या किमतीत २५ सेंट अनामत धरलेली असते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात परत केल्यास ती मिळते. सायकल, टेबल, भांडी या वस्तू जुन्या बाजारात स्वस्त मिळतात. देशभरच्या स्थानिक गाड्यांचे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंस सुरू झाले. जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरो झाले. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना याहून स्वल्प दरात प्रवासाची सवलत असते आणि काही ठिकाणी ती सत्रवर्गणीतच अंतर्भूत असते. ही चौकशी न करता निराळे तिकीट काढणे म्हणजे एकाच प्रवासाचे दोनदा पैसे भरणे होय.

कमाईचा भरवसा किती धरावा?

तेथे शिकत असता कमवावे, असे अनेकांच्या मनात असते. मार्च २०२४ पासूनच्या नियमानुसार परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. हे आकडे आकर्षक दिसतात. परंतु एका सत्राकरिता गेलेल्या आणि जर्मन भाषा बेताची येणाऱ्या विद्यार्थ्याला काम मिळेपर्यंतच दोन-तीन महिने निघून जाऊ शकतात. म्हणून कमाई अंदाजपत्रकात जमेस धरू नये. मिळाली तर ती बचत मानावी.

अडचण सांगण्याचे धैर्य

एवढे करूनही पैसा अपुरा पडण्याचा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी आपल्याकडील मुले एक मोठी चूक करतात. घरच्यांनी आधीच कर्ज काढले आहे, आता त्यांना आणखी काय सांगावे, या संकोचाने ती गप्प राहतात. दूरध्वनीवर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगतात आणि इकडे एक वेळचे जेवण सोडतात, विम्याचे हप्ते थकवतात, परीक्षेच्या दिवसांत रात्रपाळीचे काम धरतात. प्रकृती आणि अभ्यास दोन्ही हातचे जातात, आणि ज्या गुणांसाठी एवढा खटाटोप केला तेच गमावले जातात.

पालकांनी प्रस्थानापूर्वीच मुलांना निःसंदिग्ध शब्दांत सांगावे की, हिशेब चुकला तरी तो सांगण्यात कमीपणा नाही. दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी जमाखर्चाचा कागद घरी पाठविण्याचा परिपाठ ठेवावा. त्याचा हेतू जाब विचारण्याचा नसावा. दोन महिन्यांनी येणारी तूट आजच दिसावी, एवढाच असावा. विद्यार्थ्यानेही विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय आणि विद्यार्थी-कल्याण संस्थेचे सल्लाकेंद्र यांचा पत्ता पहिल्याच आठवड्यात जवळ ठेवावा. अडचणीतील विद्यार्थ्याला सल्ला देणे हे त्यांचे नेहमीचेच काम असते.

परतताना खोली सोडण्याची लेखी सूचना मुदतीत द्यावी, निवासनोंद रद्द करावी, तसेच विमा व नभोवाणी-वर्गणी बंद करावी. अनामत रक्कम पुष्कळदा विद्यार्थी मायदेशी पोहोचल्यानंतर परत येते. ती जमा होईपर्यंत तेथील बँकखाते चालू ठेवावे. नमुन्यादाखल घेतलेल्या विद्यार्थिनीचे ७०० युरो म्हणजे शंभराच्या दराने सत्तर हजार रुपये होत. ज्या घराने ठेव मोडून किंवा दागिना तारण ठेवून तिला पाठविले, त्या घरात हे सत्तर हजार परत येणे हा त्या अंदाजपत्रकातील शेवटचा आणि महत्त्वाचा जमेचा रकाना होय.