तळ्यातला जवळा आधी जातो



कोळसा जळतो तेव्हा त्यातला गंधकही जळतो आणि त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. भट्टीच्या, इंजिनाच्या प्रचंड आचेत हवेतल्या नायट्रोजनचेही ऑक्साइड तयार होतात. हे वायू वर जातात, ढगांतल्या पाण्यात त्यांचं गंधकाम्ल आणि नत्राम्ल बनतं, आणि पावसाबरोबर ते खाली उतरतं. स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास असतो. माती परीक्षणाच्या कागदावर शेतकरी बघतात तोच हा सामू. तो एका अंकाने उतरला, की आम्लता दहापट झाली असं समजायचं.

अशा आम्ल पावसाने नेमकं काय बिघडतं, हे कॅनडातल्या एका तळ्याने फार स्पष्ट दाखवलं. ओंटारिओ प्रांतातल्या या तळ्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे: २२३. शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून काही वर्षं त्यात मुद्दाम, मोजूनमापून गंधकाम्ल सोडलं. सामू ६.८ वरून हळूहळू ५ पर्यंत आणला आणि प्रत्येक टप्प्यावर तळ्यात काय घडतं, याची नोंद ठेवली.

तळ्यातला मोठा मासा म्हणजे लेक ट्राउट. तो बराच काळ तगून होता. पण सामू ६ च्या जरा खाली गेला, तेव्हाच आपल्या जवळ्यासारखी इवलीशी कोळंबी जवळजवळ नाहीशी झाली. मिनो जातीच्या बारक्या माशांची नवी पिल्लं दिसेनाशी झाली. ट्राउटचं अन्नच हे. पुढच्या वर्षांत काढलेल्या छायाचित्रांत एकेकाळचा भरदार मासा डोकं मोठं आणि अंग वाळलेलं असा दिसतो. आम्लाने त्याला थेट मारलं नव्हतं, तो उपाशी होता. तळ्याच्या काठावरून पाहणाऱ्याला मात्र पाणी नितळ दिसलं असतं आणि मासेही दिसले असते.

निसर्गातल्या तळ्यांवर याहून वाईट वेळ येते. आम्लाचं पाणी मातीतून झिरपताना कॅल्शियम धुऊन नेतं आणि मातीत अडकलेलं ॲल्युमिनियम मोकळं करतं. ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. नेदरलँड्समधल्या जंगलांत मातीतला चुना कमी झाला, गोगलगायी घटल्या, आणि त्या खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली. नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांवर पडणारं आम्ल तर बऱ्याच अंशी ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराड्यांचं होतं. गावाला धुराचा त्रास नको म्हणून धुराडी उंच केली, आणि तो धूर दुसऱ्या देशाच्या माथी गेला. पुढे करार झाले, कायदे झाले, गंधक खरोखर घटला. तरी काही तळी अजून पूर्ण सावरलेली नाहीत.

आपल्याकडे बऱ्याच भागांत हवेतली चुनखडीयुक्त धूळ हे आम्ल मारते, म्हणून आपण आजवर बरेचसे वाचलो. कोकणातल्या जांभ्याच्या मातीला मात्र हा आधार फारसा नाही, ती मुळातच आम्लधर्मी आहे. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातला गंधक चुनखडीने पकडणारी यंत्रणा बसवणं भाग पडेल असे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये केले. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आणि हवेतलं प्रमाण मर्यादेत, असं कारण दिलं गेलं. मला हे पटत नाही. कोळशात गंधक कमी असला, तरी आपण जाळतो तो कोळसा अफाट आहे, आणि हवेतला आकडा मातीतल्या चुन्याबद्दल काहीच सांगत नाही. वीज केंद्रांच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ओढ्यांचा सामू, तिथल्या मातीतलं कॅल्शियम आणि गोगलगायी दरवर्षी मोजल्या जाव्यात, आणि ते आकडे त्या गावांच्या ग्रामपंचायतींत लावले जावेत, एवढी माझी मागणी आहे.