गोल्फ : नवशिक्यांसाठी तोंडओळख
(नभोवाणीवरील भाषण)

गोल्फ हा शब्द कानी पडला की सामान्य मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते : विस्तीर्ण हिरवे मैदान, कोणी साहेब किंवा संस्थानिक, आणि त्याच्यामागून काठ्यांचे ओझे वाहणारा एक पोऱ्या. हे चित्र अगदीच खोटे आहे असे म्हणता येत नाही. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फचे मैदान प्रतापसिंह गायकवाडांनी युरोपीय पाहुण्यांकरिता करविले. हैदराबादेस गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याच्या परिसरात हा खेळ चालतो. नाशिकच्या ‘गोल्फ क्लब मैदाना’वर तर क्रिकेटचे रणजी सामने झाले; तेथे गोल्फ उरला तो केवळ नावात. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लबही भारतातच, कलकत्त्यास, १८२९ साली निघाला. इतका जुना शेजार असूनही हा खेळ नेमका खेळतात कसा, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

खेळाचे माहेर स्कॉटलंड. तेथील पार्लमेंटने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून ह्या नादाला लागली होती. बंदीचा उपयोग काय झाला हे सांगावयास नकोच. सेंट अँड्रूज येथे एका फेरीत पूर्वी २२ खळगे असत. १७६४ साली ते १८ करण्यात आले आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला.

खेळाचे मूळ सूत्र एका वाक्यात सांगता येते. जमिनीवर ठेवलेला लहानसा चेंडू काठीने टोलवीत दूरवरच्या खळग्यात घालावयाचा, आणि तोही शक्य तितक्या कमी फटक्यांत. ज्या सपाट जागेवरून पहिला फटका मारतात ती ‘टी’. पुढे नीट कापलेल्या गवताचा पट्टा असतो, तो ‘फेअरवे’. त्याच्या दोन्ही अंगांस वाढलेले गवत व झुडपे म्हणजे ‘रफ’. मधूनमधून वाळूचे खड्डे असतात, त्यांना ‘बंकर’ म्हणतात. शेवटी गालिच्यासारखी बारीक कातरलेली हिरवळ, म्हणजे ‘ग्रीन’, आणि तीत सव्वाचार इंच व्यासाचा तो खळगा. कसलेल्या खेळाडूस एखादा खळगा गाठण्यास किती फटके लागावेत ह्याचा आकडा ठरलेला असतो, त्याला ‘पार’ म्हणतात. तो सामान्यतः ३, ४ किंवा ५ असतो; अठरांची बेरीज बहुधा ७२ च्या आसपास येते. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. नवशिक्याने पहिले वर्षभर बर्डीचे नाव काढू नये हे बरे.

विटीदांडू खेळलेल्या माणसास वाटते, की उडती विटी टोलविणारास जमिनीवर स्वस्थ पडलेला चेंडू मारणे काय अवघड? पहिल्याच दिवशी हा भ्रम फिटतो. काठी नुसतीच हवेत फिरते, किंवा चेंडूऐवजी मातीचे ढेकूळ उडते. ह्याचे कारण मजेचे आहे. चेंडू वर उडवावयाचा म्हणून नवशिका त्यास खालून उचलू पाहतो. वास्तविक उचलण्याचे काम काठीचे तिरपे तोंड करीत असते. चेंडू लांब धाडणाऱ्या ‘ड्रायव्हर’चे तोंड जेमतेम दहा-अकरा अंशांनी मागे कललेले असते, तर वाळूतून चेंडू काढणाऱ्या ‘वेज’चे पन्नासहून अधिक अंशांनी. लोखंडी काठीने चेंडूवर किंचित खालच्या दिशेने आघात केला की तो आपोआप वर जातो. हे बुद्धीला पटावयास एक मिनिट लागते. हातांना पटावयास काही महिने.

उजव्या हाताने खेळणाराने डावा हात वर व उजवा हात खाली धरावा. पकड इतकीच घट्ट असावी की काठी सुटू नये. मनगटे आवळून धरणे हा नवशिक्यांचा सार्वत्रिक दोष आहे. फटका हातांनी नव्हे, तर खांदे व कंबर वळवून मारावयाचा असतो. डोके स्थिर असावे आणि चेंडू कोठे गेला हे पाहण्याची घाई करू नये.

नियमाप्रमाणे खेळाडूस १४ काठ्या जवळ बाळगता येतात. त्या सगळ्या विकत घेण्याची आवश्यकता नाही. सात क्रमांकाची लोखंडी काठी, एक वेज आणि ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलण्याचा ‘पटर’, एवढ्या तिघांवर, आणि त्याही वापरलेल्या मिळाल्यास उत्तमच, आरंभीचे शिक्षण होऊ शकते. त्यांतही पटरपासून आरंभ करावा. लांब फटका मारणाराचे कौतुक होते खरे. परंतु दोनशे यार्डांचा टोला आणि दोन हातांवरून दिलेला हलका धक्का, दोन्हींची मोजणी एकेकच!

चेंडूविषयी थोडे सांगितले पाहिजे. जुन्या काळी कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून चेंडू बनवीत. तो फार महाग पडे. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू आले. तेव्हा खेळाडूंच्या ध्यानात आले की नवा गुळगुळीत चेंडू लौकर खाली येतो आणि वापरून ओरखडे पडलेला अधिक दूर जातो. आजच्या चेंडूवरील शेकडो खळ्या त्या अनुभवातून आल्या. खळ्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूस अधिक वेळ चिकटून राहतो, मागील खेच कमी होते, आणि गिरकीमुळे चेंडू तोलून धरला जातो.

आता ह्या खेळाच्या सर्वांत निराळ्या अंगाकडे वळू. सामान्य सामन्यात गोल्फला पंच नसतो. चेंडू झुडपात गेला, खेळाडू एकटाच तेथे पोहोचला. तेथे त्याने किती वेळा काठी फिरविली हे त्याचे त्यालाच ठाऊक. मारण्याच्या हेतूने फिरविलेली काठी चेंडूस लागली नाही तरी तो फटका मोजावा लागतो. अमेरिकेचा विख्यात खेळाडू बॉबी जोन्स १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत गवतात चेंडूजवळ उभा असता चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. अधिकाऱ्यांना त्याचे म्हणणे पटेना, तरी त्याने हट्टाने आपल्या नावावर दंडाचा एक फटका लावून घेतला. चार फेऱ्यांअखेर त्याची विली मॅकफर्लेनशी बरोबरी झाली आणि निकालासाठी झालेल्या जादा खेळात तो एका फटक्याने हरला. तो एक फटका त्याने लपविला असता, तर जादा खेळाची वेळच आली नसती.

दुसरी सोय ‘हँडिकॅप’ची. खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्यास काही फटक्यांची सूट मिळते. समजा, २४ सूट असलेल्या नवख्यास ९८ फटके लागले व ६ सूट असलेल्या जाणत्यास ८२. तर हिशेब ७४ व ७६ असा होऊन नवखा जिंकतो. बापलेक किंवा गुरुशिष्य बरोबरीने खेळू शकतील असा मैदानी खेळ विरळाच. अर्थात ही सूटही प्रामाणिक आकड्यांवरच उभी असते.

शिष्टाचार थोडेच आहेत : दुसरा मारीत असता बोलू वा हलू नये, वाळूतील पावले सारखी करावीत, उखडलेले गवत जागी बसवावे, आणि चेंडू कोणाच्या रोखाने गेला तर ‘फोर!’ अशी मोठ्याने आरोळी द्यावी. हरवलेला चेंडू २०१९ पासून तीनच मिनिटे शोधता येतो.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. अठरा खळग्यांचे मैदान शंभर एकरांहून अधिक जमीन व्यापते, आणि उन्हाळ्यात त्यास लागणारे पाणी पाहिले की टंचाईच्या मुलखातील माणसाच्या मनात प्रश्न उठणारच. क्लबांचे दरवाजेही सर्वांस खुले नसतात. परंतु ज्यांनी ह्या दरवाजांतून आत जाऊन नाव कमावले ते सगळेच पाहुणे म्हणून गेले नव्हते. १९९१ साली दिल्लीत भारतीय खुली स्पर्धा जिंकणाऱ्या अली शेर ह्याने कॅडी म्हणून, म्हणजे काठ्या वाहण्यापासून, आरंभ केला होता. २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकणारा चौरसिया हा रॉयल कलकत्ता क्लबातील हिरवळ राखणाऱ्या कामगाराचा मुलगा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक चौथी आली. तिचे पदक एका फटक्याने हुकले. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने हाही खेळला.

म्हणून नवशिक्याने पहिल्या दिवशी क्लबातील कोणा बड्या सभासदाचा सल्ला घेण्यापूर्वी आपल्या कॅडीस विचारावे. वारा कोठून वाहतो, ग्रीनचा उतार कोणीकडे आहे, आणि हातातली काठी बदलून कोणती घ्यावी, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असते. मात्र त्याला ‘अरे-तुरे’ करू नये. पुष्कळदा तो वयाने वडीलधारा असतो आणि खेळाने तर असतोच.