वर जाणारा आकडा

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावात मूल जन्मलं, की आशाताईच्या वहीत त्याचं वजन चढतं. तिथून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, मग अमरावती. अकोल्याच्या बार्शीटाकळीतही वाट हीच. आकडा वर जातो. त्याचा अर्थ खाली परत येतो, तो क्वचितच.

हाच पेच १९९४ नंतर दक्षिण आफ्रिकेपुढे होता. वर्णभेदी राजवटीनं आरोग्यसेवा तुकड्यातुकड्यांत वाटलेली, जिथं तिथं फॉर्म वेगळे. तिथले आरोग्य कार्यकर्ते, संशोधक आणि नॉर्वेचं ऑस्लो विद्यापीठ एकत्र आले. आधी मोजक्या, कामाच्या नोंदी ठरवल्या आणि त्यावर ‘डीएचआयएस’ ही मोफत संगणकप्रणाली बांधली. मला त्यातलं शहाणपण दिसतं ते रकाने कमी करण्यात. आपल्याकडे तर नवा कार्यक्रम आला की नवं रजिस्टर!

ही प्रणाली मोझांबिक, मलावीपर्यंत पोचली. तिची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये पहिल्यांदा वापरली गेली, ती आपल्या केरळात. आता तिचं मोबाईल ॲपही आहे. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठते, रेंज आली की पुढे जाते. मेळघाटच्या पावसाळ्यात ही सोय किती मोलाची, ते सेमाडोहच्या माणसाला विचारा.